यूपीएसला मोठी बॅटरी जोडण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

देवरूखला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पीक विम्याच्या दिवसांत माणसं सकाळच्या एसटीने लांबून येतात आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारा माझा यूपीएस ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे तो एका वेळी किती भार पेलतो तो आकडा), आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप). नवी होती तेव्हा वीस मिनिटं निघायची, दोन वर्षांत पाचावर आली. म्हणून गेल्या पावसाळ्यात एकाच्या सल्ल्याने त्याच यूपीएसला बाहेरून १०० एएचची ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरला लावतात तसली ॲसिडची मोठी बॅटरी जोडून घेतली. व्होल्ट तेवढेच, मग बिघडणार काय, असं मलाही वाटलं.

पहिल्या दिवशी पाच तास काम चाललं. एकालाही परत पाठवावं लागलं नाही, केवढं समाधान वाटलं! दुसऱ्या दिवशी मात्र तासाभरात सगळं बंद. यूपीएसला हात लावला तर चटका बसला. जोडायला वापरलेली साधी वायर मऊ पडली होती.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांनी मीटर लावून दाखवलं, यूपीएस बॅटरी चार्ज करत होता ०.८ अँपिअरने. म्हणजे रिकामी १०० एएच भरायला सव्वाशे तास, पाच दिवसांच्या वर! शिवाय आतला ट्रान्सफॉर्मर थोड्या मिनिटांच्या हिशेबाने बसवलेला, तो तासन् तास तापत राहिला. आणि बॅटरी मी ठेवली होती टेबलाखालच्या बंद कपाटात. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन, म्हणजे ठिणगीने पेट घेणारा वायू सोडते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच टेबलावर माझी मुलगी अभ्यासाला बसायची. अजून धस्स होतं.

आता तीच बॅटरी इन्व्हर्टरला लावली आहे. तो १० अँपिअरने चार्ज करतो. वायर जाड, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळच, आणि बॅटरी मागच्या पडवीत, वाऱ्यावर.

यूपीएसच्या खोक्यावर व्हीएचा आकडा ठळक छापलेला असतो. चार्जिंग किती अँपिअरने होतं, बॅटरीवर सलग किती वेळ चालवायचा आणि बाहेरून मोठी बॅटरी चालते की नाही, हे माझ्या खोक्यावर कुठेच नव्हतं. कंपन्यांनी ते मराठीत छापावं आणि दुकानदारांनी विकतानाच सांगावं, ही विनंती. माझ्यासारखी जोडणी ज्यांनी केली असेल, त्यांनी बॅटरी आजच बंद कपाटातून बाहेर काढावी आणि जाणकाराकडून वायर तपासून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक दुकानदार भगिनी, देवरूख (जि. रत्नागिरी)