किल्ली सोडली की बंद पडते

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. बाबा, तुम्ही दहा मिनिटं गाडीच्या बॅटरीबद्दल बोललात, मग सेल्फबद्दल, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरबद्दल बोललात. मागून आई एकदाच म्हणाली, "अगं, किल्ली फिरवून धरली की चालू होते, सोडली की बंद पडते." तुम्ही तिला "थांब जरा" म्हणालात आणि पुन्हा बॅटरीवर आलात. पण बाबा, गाडीचं दुखणं आईच्या त्या एका वाक्यात आहे. फोनवर घाईघाईत सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

मेकॅनिकने बॅटरी बदलली, फरक पडला नाही. आता तो सेल्फ बदला म्हणतोय. कृपा करून हो म्हणू नका. किल्ली पूर्ण फिरवली की सेल्फ इंजिन फिरवतो आणि इंजिन पकडतं, हे आईने स्वतः पाहिलंय. म्हणजे बॅटरीत दम आहे, सेल्फ धडधाकट आहे. व्होल्ट वाढवणारी कॉइल ठिणगी देते आहे, तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडमीट करताहेत, डिस्ट्रिब्युटर वेळच्या वेळी प्लगपर्यंत करंट पोचवतोय, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. यातलं एक जरी मेलेलं असतं तरी इंजिनाने एकदाही पकडलं नसतं. एवढ्या सगळ्या गोष्टी पाना हातात न घेता निर्दोष सुटल्या, त्या केवळ आईच्या कानामुळे.

मग किल्ली सोडल्यावर नेमकं काय बदलतं ते बघा. सेल्फ मारताना तो बॅटरीतून शंभराच्या वर अँपिअर ओढतो, त्यामुळे बारा व्होल्टची बॅटरी तेवढा वेळ दहाच्या आसपास येते. नेमक्या त्याच वेळी कॉइलला मात्र चांगली ठिणगी द्यायची असते. म्हणून तुमच्या गाडीसारख्या पॉइंटवाल्या गाड्यांत कॉइलच कमी व्होल्टची बसवतात आणि तिला करंट द्यायला दोन वाटा ठेवतात. किल्ली स्टार्टवर असताना बॅटरीचा करंट थेट कॉइलला जातो. किल्ली सोडून ती मागे ऑनवर आली की थेट वाट तुटते आणि करंट बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट थोडा अडवणाऱ्या कांडीतून जायला लागतो. इंजिन चालू असताना डायनॅमो १४ व्होल्टच्या आसपास देतो. तो सगळा कॉइलवर आला तर ती तापून जाईल, म्हणून मध्ये हा रेझिस्टर. तुमच्या गाडीत तो कॉइलच्या पट्टीलाच स्क्रूने बसवलेला आहे, बोटाएवढी पांढरी चिनीमातीची कांडी, दोन्ही टोकांना वायर. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं की इंजिनात हा खडू कशाला ठेवलाय, आठवतं का?

थेट वाट चालू आणि खडूची वाट बंद, असं झालं की गाडी अगदी आई सांगते तशीच वागते. किल्ली धरली की पकडते, सोडली की त्याच क्षणी गप्प. पेट्रोल संपून बंद पडणारी गाडी आधी आचके देते, तशी ही देत नाही. दिवा मालवावा तशी बंद होते. आई, तुला असंच दिसतंय ना?

आमच्या वर्कशॉपमध्ये मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती. तेव्हा माझ्या हातून चूक झाली होती, म्हणून आता इतक्या पोटतिडकीने लिहिते आहे. मी आधी कॉइल बदलली, मग पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, मालकाला दोन दिवस फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या दिवशी कांडी काढून उजेडात धरली. एका टोकाला केसाएवढी चीर होती. आतली तारेची गुंडाळी तिथेच तुटली होती आणि तुटलेली दोन्ही टोकं काळी पडली होती. त्या माणसाने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "ताई, किल्ली सोडली की बंद होते." मी ऐकलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता.

आता तपासायचं कसं ते सांगते. बाबा, इथे माझी एक विनंती आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. इतकी वर्षं तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालायचात आणि आई आत बसून किल्ली फिरवायची. आता उलट करायचं. तुम्ही आत बसायचं, व्होल्ट मोजायचा मीटर आईच्या हातात. कारण तुमच्या छातीतला पेसमेकर. चालू इंजिनाच्या कॉइल-डिस्ट्रिब्युटरपासून पेसमेकर किमान ३० सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, तुमच्या पेसमेकरच्या कार्डाबरोबर आलेली पुस्तिका उघडून बघा. कॉइलमधून वीस हजार व्होल्ट आणि त्याहूनही जास्त निघतात. प्लगची वायर उपटून, फडक्यात धरून, इंजिनाजवळ नेऊन ठिणगी बघायची तुमची सवय मला माहीत आहे. ती आता कायमची सोडा. मला तिची फार भीती वाटते.

आई, हे सगळं इंजिन न फिरवता करायचंय, त्यामुळे घाबरू नकोस. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरचा खटका डीसी २० व्होल्टवर. आधी किल्ली बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर बघ. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ आलं तर निम्मी उतरली आहे. मग काळी वायर बॅटरीच्या मायनसवरच ठेव आणि लाल वायरचं टोक कॉइलच्या प्लसवर टेकव. बोटं प्लास्टिकच्या मुठीवरच, उघड्या धातूला हात नाही. आता बाबांना किल्ली फक्त ऑनवर आणायला सांग, सेल्फ मारायचा नाही.

आकडा सहा-सातच्या आसपास आला तर खडू ठीक आहे, कारण पॉइंट मिटलेले आहेत आणि खडू आपला वाटा खातोय. जवळजवळ बारा आला तरी घोटाळा नाही, इंजिन पॉइंट उघडे असताना थांबलंय एवढाच त्याचा अर्थ. शून्य आला तर मात्र वाट तुटलेली आहे. मग लाल टोक कांडीच्या दुसऱ्या बाजूला, किल्लीकडून येणाऱ्या वायरवर टेकव. तिथे बारा आणि कॉइलकडे शून्य असेल तर चोर सापडला. किल्ली अर्ध्या मिनिटाहून जास्त ऑनवर ठेवू नका, इंजिन थांबलेलं असताना पॉइंट मिटलेले असले की कॉइल नुसतीच तापत राहते. आकडा वाचून झाला की लगेच बंद.

खात्री करायची तर किल्ली बंद करून कांडीच्या वायरी काढा आणि मीटर ओहमवर घेऊन दोन टोकं मोजा. दीड ओहमच्या आगेमागे आलं पाहिजे. मीटरच्या स्वतःच्या वायरीच थोडं दाखवतात, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा. आत तार तुटली असेल तर मीटर मोजणारच नाही, पडद्याच्या कडेला नुसता एक किंवा ओएल दाखवेल.

कांडीच्या दोन्ही बाजूंना शून्य असेल तर खडूचा दोष नाही, मागे किल्लीच्या स्विचकडे जायचं. किल्ली ऑनवर असताना ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो का, आणि किल्ली हलकीच डावी-उजवी हलवली तर दिवे लुकलुकतात का ते बघा. लुकलुकले तर स्विचमधला ऑनचा कॉन्टॅक्ट झिजलाय. बाबा, गाडीच्या किल्लीला घराच्या, कपाटाच्या, गोदामाच्या मिळून जो जुडगा लटकतो ना, त्याचं ओझं रोज त्या स्विचवर पडतं. काहीही निघालं तरी तो जुडगा वेगळा करा.

मला माहीत आहे, हे वाचून तुमच्या मनात लगेच येईल की कांडीच्या दोन टोकांना वायर जोडली की गाडी धावेल. धावेल, हो. पण कॉइलला सारखे १४ व्होल्ट मिळत राहतील, ती हाताला चटका बसेल इतकी तापेल आणि पॉइंट काळे पडून जळतील. मग महिनाभराने खरोखरच कॉइल जाईल आणि रस्त्यात अडकाल. म्हणून तसं करू नका. त्याच मापाची नवी कांडी घ्या. जुनी दाखवून घ्या, कारण ओहम जुळले पाहिजेत.

सेल्फ आणि ही कॉइल-पॉइंटची पद्धत, दोन्हीमागे एकाच माणसाचं डोकं आहे, चार्ल्स केटरिंगचं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ बसला आणि हँडल मारायची गरज संपली. आजोबांना हँडल उलटं बसून मनगट दुखावल्याची गोष्ट तुम्ही सांगता, तेव्हा मला नेहमी त्याची आठवण येते.

पुढे कधी गाडी सेल्फच घेईनाशी झाली तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे मंद होऊन नुसतं टिकटिकटिक वाजलं तर आधी बॅटरीची टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पूड साचलेली असते. आधी मायनस काढायचा, बसवताना तो शेवटी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसलं की ती पूड निघते. बॅटरीतून इंजिनाला जाणारी अर्थची जाड पट्टीही विसरू नका, ती गंजली की नवी बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. दिवे लख्ख राहून एकदाच खट्ट वाजलं, तर सेल्फबद्दल बोलू.

शनिवारी सकाळी नऊला मी फोन करते. फोन स्पीकरवर टाकून बॉनेटच्या कडेला ठेवा. आई, आकडे तूच वाच, दशांशचिन्हानंतरचा एक आकडाही सोडू नकोस. तोवर सेल्फ मारून बघू नका, नवी बॅटरी उतरून बसेल.

तुमची लेक