काडीपेटी आणि व्हॉल्व्ह ट्यूब : अरविंद गुप्ता सरांना पत्र

आदरणीय अरविंद गुप्ता सर,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. आपली प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण टाकाऊ, साध्या वस्तूंपासून विज्ञान शिकवणारी तुमची खेळणी माझ्या वर्गात कायमची मुक्कामाला आहेत. पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण तुमचे आभार मानायचे राहून गेलेले शिक्षक गावोगावी असणार.

१९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) रजा घेऊन तुम्ही मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेलात. तिथे तुम्हाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये आणि आगकाड्यांमध्ये भूमिती दिसली. ती बारीक रबरी नळी आमच्या गावातल्या पंक्चरच्या दुकानातही मिळते. तिचे छोटे तुकडे करायचे, काड्यांचे गुल खरवडून टाकायचे आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी आत सारायची. झाला सांधा! तिसरी काडी जोडायची तर ट्यूबला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं आणि काडीला टोक काढून ती आत घालायची. या कामाला मुलं अक्षरशः रांग लावतात.

तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र हात लावताच कलंडतो. फळ्यावर मी हे कितीतरी वेळा सांगू शकले असते, पण बोटांना कळलं ते वेगळंच.

एके दिवशी सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या गोठ्याचं फाटक म्हणजे आपला चौकोनच आहे." फाटकाची मोकळी बाजू खाली लोंबून जमिनीला घासत होती. तिने वडिलांच्या मागे लागून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी ठोकून घेतली. फाटक सरळ झालं. मग वर्गाला नादच लागला. सायकलची फ्रेम, मोबाईलचा टॉवर, पत्र्याच्या शेडची कैची, जिथे तिथे मुलं त्रिकोण शोधू लागली.

कल्पनाशक्ती म्हटलं की आम्हा शिक्षकांना 'सूर्य उगवला नाही तर' हा निबंध आठवतो. तोही हवाच. पण काडीत फाटक आणि फाटकात काडी दिसणं ही कल्पनाशक्ती मला जास्त मोलाची वाटते, कारण ती घरी जाते, गोठ्यात जाते, वडिलांशी बोलते. ज्या मुलांच्या घरी विकतचं खेळणं फारसं येत नाही, त्यांना तर याचा फार मोठा आधार आहे. हाताशी असलेली वस्तू आणखी काय होऊ शकते, हे त्यांना सतत सुचत राहतं. परवा एकाने कागदाच्या नळीचं टोक कापून पिपाणी केली. ती वाजवता वाजवताच दुसऱ्याने कात्रीने नळी आखूड करत नेली, तसा आवाज चढत गेला आणि शेजारचा वर्गही धावत आला.

पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी या खेळण्यांचे व्हिडिओ केलेत, तेही मराठीतून. पुस्तकं, चित्रं, कृती, सगळं फुकट खुलं ठेवलंत. आमच्यासारख्या शाळेला प्रयोगशाळेची वाट बघत बसावं लागलं नाही, ते त्यामुळेच.

सर, माझ्या आणि माझ्या मुलांच्या वतीने मनापासून आभार.

आपली नम्र,
एक शिक्षिका