तुझ्या सावकाश चालणाऱ्या मेंदूबद्दल

प्रिय बाळा,

परवा गणिताचा पेपर अर्धवट राहिला म्हणून तू म्हणालास, "मी मठ्ठच आहे." हे तोंडी बोलायला गेले तर मधेच गळा दाटून येईल, म्हणून लिहिते आहे.

तू मठ्ठ नाहीस. तुला गणित येतं, फक्त वेळ लागतो. तो का लागतो हे मला ठाऊक आहे, कारण ज्या उपचारामुळे तो लागतो, त्याच्या संमतीच्या कागदावर मी आणि बाबांनी सही केली होती.

तू सात वर्षांचा होतास. सकाळी उठल्या उठल्या उलट्या व्हायच्या, चालताना झोक जायचा. एमआरआयमध्ये लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या, तोल सांभाळणाऱ्या भागात गाठ दिसली, मेड्युलोब्लास्टोमा नावाचा कर्करोग. ऑपरेशन करून ती काढली. पण मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती जे पाणी खेळतं, त्यातून या आजाराच्या पेशी खाली पाठीपर्यंत उतरू शकतात. म्हणून नुसत्या गाठीच्या जागी रेडिएशन देऊन भागत नाही, अख्ख्या मेंदूला आणि अख्ख्या कण्याला द्यावं लागतं. तुला सगळीकडे 23.4 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) दिलं आणि गाठीच्या जागी वाढवत एकूण 54 ग्रेपर्यंत नेलं. पूर्वी तुझ्यासारख्या मुलांना सगळीकडे 36 ग्रे देत. गाठ पूर्ण निघाली असेल, आजार पसरला नसेल आणि जोडीला केमोथेरपी असेल, तर कमी डोस पुरतो, हे नंतर अभ्यासांतून कळलं. त्या अभ्यासांत स्वतःची आजारी मुलं सामील करणारे आईबाप कोण होते मला माहीत नाही, पण त्यांची आठवण मी अजून काढते.

तो डोस एकदम देत नाहीत. रोज 1.8 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. दोन वेळांच्या मधे निरोगी पेशी बऱ्याच सावरतात, गाठीच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही.

मास्क तुला आठवतो का? जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तुझ्या चेहऱ्यावर ओढला, आणि थोड्या वेळात तो कडक झाला. तुझं नाक, हनुवटी, कपाळाची गोलाई सगळं त्यात उमटलं होतं. रोज तो घालून टेबलाला खटाखट अडकवायचे. यंत्र सुरू असताना आत कुणालाच थांबता येत नाही, म्हणून मी बाहेरून स्क्रीनवर तुला बघत माइकवर गोष्ट वाचायची. तुला बोलायची मनाई, जबडा हलता कामा नये. मग गोष्ट आवडली की तू पायाचा अंगठा हलवायचास. तंत्रज्ञ ताईंनी तेवढी मुभा दिली होती. तुझ्याहून लहान मुलांना रोज भूल द्यावी लागायची. अगदी तान्ह्यांना तर, मेंदू अजून घडत असतो म्हणून, डॉक्टर रेडिएशन शक्य तितकं लांबवतात.

सही घेण्याआधी डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे निरोप नेणारे तंतू असतात, वाढत्या वयात त्यांना रेडिएशनचा त्रास होतो. मूल शिकतं, पण वेग मंदावतो, आणि हे लगेच नाही, काही वर्षांनी जाणवतं. कण्याची वाढ कमी होते, म्हणून तुझं धड पायांच्या मानाने आखूड आहे. मेंदूच्या तळाशी हार्मोन्स बनवणारी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यावर परिणाम होतो, त्यासाठीच ती रोज रात्रीची ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं. खूप वर्षांनी दुसरी गाठ होण्याचा थोडा धोकाही राहतो. सगळं ऐकून, समजून आम्ही सही केली. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करू.

"मला प्रोटॉन कणांचं रेडिएशन का नाही दिलं?" असं तू विचारलं होतंस. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात, त्यामुळे कण्याला रेडिएशन देताना पुढचं हृदय, फुप्फुसं, आतडी बरीच वाचतात. हा फायदा मोठा आहे. पण अख्ख्या मेंदूला द्यायचा डोस प्रोटॉननेही द्यावाच लागतो. त्यामुळे पेपर अर्धा राहण्याचं खापर प्रोटॉन न मिळण्यावर फोडू नकोस. स्वतःवर तर मुळीच नको.

आता तू अठराचा होशील आणि मोठ्यांच्या विभागात जाशील. तिथले डॉक्टर नवे असतील. उपचारांचा सारांश, म्हणजे कुठे किती ग्रे, कोणती केमो, हा कागद सोबत ठेव. थायरॉइड आणि बाकीची हार्मोन्स, कान, डोळे यांच्या तपासण्या चुकवू नकोस. डोकं सतत दुखू लागलं तर मला काळजी वाटेल म्हणून लपवायचं नाही.

आणि परीक्षेत जादा वेळ माग. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडून विचार करण्याच्या वेगाची चाचणी करून घ्यावी लागेल आणि डॉक्टरांचं पत्र जोडावं लागेल. पत्राचं मी बघते. अर्ज कधीपर्यंत द्यायचा, तेवढं तू उद्या विचारून ये.

तुझी,
आई