चोवीस तासांची मुलगी

मा. संपादक,
स.न.

मानवी तस्करी म्हटलं की डोळ्यासमोर रेड लाइट एरिया येतो नाहीतर सिनेमातले गुंड, माझंही तसंच होतं. पण गेल्या वर्षी आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत लिफ्टमध्ये एक मुलगी दिसायला लागली, असेल तेरा-चौदाची, कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा. शाळेत जातेस का गं विचारलं तर मराठी कळेना, मोडक्या हिंदीत म्हणाली झारखंडची. पगार? "भैया के पास जाता है." कुठला भैया, तर ज्याने गावाहून गाडीत बसवून कल्याणला उतरवलं तो. फोन नाही, आणि आईशी शेवटचं कधी बोलली तर म्हणे होळीला. तेव्हा गणपती आले होते.

मालकीणबाई म्हणाल्या, अहो घरच्यासारखी ठेवतो आम्ही तिला, आणि एजंटला अकरा महिन्यांचे पैसे आधीच भरलेत, मध्येच कशी सोडणार? बाई वाईट नाहीत हो, माझ्याकडे हळदीकुंकवाला येतात. पण कमाई तिसऱ्याच्या खिशात, आधार कार्ड एजंटकडे, एकटीला गेटबाहेर पाठवायचं नाही, मग ह्याला दुसरं काय म्हणायचं?

१०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करायला मी तीन आठवडे लावले, खोटं कशाला बोलू. शेजारचं घर, उद्या लिफ्टमध्ये समोरासमोर आलो तर काय, हेच डोक्यात. केला तेव्हा दहा मिनिटं पण लागली नाहीत, बिल्डिंग, मजला, अंदाजे वय आणि काय काय बघितलं एवढंच विचारलं. पुरावे गोळा करणं आपलं काम नाहीच. आणि प्लीज स्वतः हिरोगिरी करायला जाऊ नका, एजंटला कुणकुण लागली की मुलगी रातोरात दुसऱ्या शहरात. आमच्याकडची बालकल्याण समितीपुढे गेली, पुढचं मला सांगितलं नाही आणि ते बरोबरच आहे.

बऱ्याच जणांना माहितच नसतं की १४ वर्षांखालचं मूल घरकामालासुद्धा ठेवता येत नाही, सहा महिने ते दोन वर्षं कैद नाहीतर २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. १८ च्या आतल्या मुलाची कमाई दाबून ठेवली तर बालन्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत. आणि मुलांची तस्करी करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली किमान १० वर्षं. पण एजंट टिकतो कोणामुळे? व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोवीस तासांची मुलगी हवी, गावाकडचीच, म्हणजे सुट्ट्या मागत नाही" असं टाकणारे आपणच ना! बाई ठेवताना वयाचा दाखला बघा, पगार तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात द्या, आणि दर रविवारी घरी फोन लावून द्या, ह्याला काय पैसे पडतात?

हा विषय मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला तर पार्किंगवरच दोन तास गेले. शेवटी लिफ्टमध्ये कुत्र्यांच्या नियमाशेजारी १०९८ चा कागद मीच चिकटवला, दोनदा फाडला गेला, तिसऱ्यांदा लावलाय.

ठाणे, कल्याण, पनवेल स्टेशनवर एका माणसामागे गप्प चालणारी चार-पाच पोरं दिसली आणि त्यांना त्याचं नावही सांगता येत नसेल तर आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) सांगा किंवा रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावा. चूक निघाली तर निघाली.

आणि साहेब, एक तुमच्यासाठी. "चोवीस तास राहणारी मुलगी मिळेल" अशा छोट्या जाहिराती तुमच्या पेपरातही येतात. त्या घेताना एजन्सीचं रजिस्ट्रेशन विचारता का? निदान त्याच कॉलमात खाली १०९८ तरी छापा.

एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई