पेढे वाटले म्हणून विमानात बसू नकोस

लीड्स,
16 नोव्हेंबर 2025

प्रिय मित्रा,

मला इथे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे सॉलिसिटर व्हायची उमेदवारी, मिळाली म्हणून माझ्या आईने गल्लीत पेढे वाटले आणि पेढा जिभेवर विरघळायच्या आत तू एलएलएमच्या, म्हणजे कायद्यातल्या मास्टर्सच्या, इथल्या युनिव्हर्सिट्या शोधायला बसलास, हे ताईकडून कळलं. तुझे मेसेजही वाचले. ‘तुला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळतो, मग मला का नाही?’ बरोबर आहे लेका. तुझं ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा केव्हाही सरस. पण या खेळात ड्राफ्टिंगच्या आधी कॅलेंडर बघतात, आणि ते तुला कोणी दाखवलेलं दिसत नाही. परदेशी प्रवेश करून देणारा एजंट तर दाखवणारच नाही.

पेढे कशाचे होते ते आधी सांगतो. नोकरी पक्की झाली ती लंडनमधल्या एका फर्ममध्ये, पण रुजू व्हायचंय 2027 च्या सप्टेंबरात. दोन वर्षांची उमेदवारी, सहा-सहा महिन्यांच्या चार ‘सीट’: कधी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत, कधी दाव्यांत, कधी प्रॉपर्टीत. ती संपली की सॉलिसिटर. अप्पा अजून फोनवर विचारतात, बॅरिस्टर कधी होणार? त्यांच्या डोक्यात विलायतेची वकिली म्हणजे ग्रेज इनमधले बाबासाहेब आणि इनर टेंपलमधले गांधी. बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो, मी ऑफिसात बसून करारांचे गठ्ठे उपसणार, हे समजावणं मी सोडून दिलंय.

आता कॅलेंडर. इथल्या मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं आधी भरती करतात. कायद्याची पोरं दुसऱ्या वर्षाला असतानाच सुट्टीतल्या ‘व्हेकेशन स्कीम’साठी अर्ज टाकतात. बरेचसे अर्ज सप्टेंबर ते जानेवारीत भरून होतात. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे तिथे काम करायचं, तेवढ्यात ते तुला निरखतात आणि शेवटी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी मुलाखत घेतात. आता तू 2026 च्या सप्टेंबरात एक वर्षाच्या एलएलएमला उतरलास असं धर. बँकेचं खातं उघडून, खोली शोधून, थंडीचं जॅकेट घेऊन होईतो अर्जांचा हंगाम निम्मा सरलेला. त्यातूनही तुला कॉन्ट्रॅक्ट मिळालाच, तरी सुरुवात 2028 किंवा 2029 मध्ये. मधल्या काळात राहणार कशावर? शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे, आणि तुझा अर्ज त्या तारखेनंतरचाच असेल. बोटांवर मोज.

दुसरी गोष्ट पगाराची. जवळजवळ प्रत्येक फॉर्मात एक चौकट असते: तुम्हाला व्हिसासाठी स्पॉन्सर, म्हणजे फर्मचा आधार, लागेल का? ‘हो’ म्हटलं की अर्ध्या दारांना आतून कडी. त्यात वैर कोणाचं नाही, हिशेब आहे. स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट 2024 च्या एप्रिलमध्ये 38,700 पौंड झाली आणि 2025 च्या जुलैपासून 41,700. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना थोडी सवलत आहे, पण गावातल्या छोट्या फर्मला, जी घरांचे व्यवहार आणि मृत्युपत्रं करते, तो सवलतीतला पगारही झेपत नाही. पूर्वी ट्रेनीला किमान पगार द्यायचं बंधन तरी होतं, तेही 2014 मध्ये निघालं. म्हणजे इथल्या पोराला मोठी, मधली, छोटी अशा सगळ्या फर्म खुल्या, आणि आपल्याला फक्त मोठ्या, जिथे सगळं जग रांगेत उभं. ‘अर्ज भरपूर टाक, एक तरी लागेल’ हा सल्ला आपल्यासाठी नाहीच.

परीक्षा वगैरे पटकन सांगतो. वॉटसन-ग्लेझर नावाची तर्काची चाचणी असते. उतारा देतात आणि विचारतात, यातून अमुक निष्कर्ष निघतो का? तुझ्यासारख्या वादपटूचा घात इथेच होईल, कारण उताऱ्याबाहेरचं जे जे ठाऊक आहे ते विसरून उत्तर द्यायचं असतं. मग व्हिडिओ मुलाखत. हा प्रकार मला आजही पटलेला नाही. समोर माणूसच नसतो. स्क्रीनवर प्रश्न उमटतो, तीस सेकंद विचाराला, दोन मिनिटं बोलायला, आणि कोपऱ्यात आपलंच तोंड आपल्याकडे बघत असतं. मी त्या तोंडावर पिवळी चिठ्ठी चिकटवली, बुटांच्या खोक्यावर टेबललॅम्प ठेवला, सुरुवात केली, आणि खाली हाउसमेटचा टोस्ट करपून धुराचा अलार्म कोकलायला लागला. थांबवायची सोय नाही. त्या आवाजावर आवाज चढवून मी दोन मिनिटं ‘दबावाखाली तुम्ही कसं काम करता’ याचं उत्तर दिलं. पास झालो. ते रेकॉर्डिंग कोणी ऐकलं असेल का, याची मला अजून शंका आहे.

खरी गंमत मात्र अर्जातल्या तीनशे शब्दांच्या उत्तरात आहे: आमचीच फर्म का, आणि कमर्शियल लॉ का? इथली पोरं वेबसाइटवरचंच त्यांना परत वाचून दाखवतात. आम्ही जागतिक आहोत, तुम्ही जागतिक आहात, जमलं. मीही कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक परिच्छेद लिहून बसलो होतो. मग वाटलं, करार फिसकटला तर माणसाचं काय होतं हे आपण कुठे पाहिलंय? तासगावला, मामाच्या बागेत. 2010 चा द्राक्ष हंगाम तुला आठवत असेल. युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि कंटेनर अडले. मामा रोज निर्यातदाराला फोन लावायचा, आणि निर्यातदार म्हणायचा, तिकडचा खरेदीदार पैसे द्यायला तयार नाही. आपण शाळकरी पोरं, आपल्याला एवढंच कळायचं की मामी जेवायला वाढताना बोलत नाही. आज तेच मी वकिलाच्या नजरेने मांडलं. न्हावाशेवाला कंटेनरमध्ये चढेपर्यंत माल कोणाचा? समुद्रावर जोखीम कोणाची? भाव आधी ठरला होता की तिकडे विकल्यावर ठरणार होता? तपासणीची मर्यादा ऐन हंगामात आडवी आली तर तो धोका करारात कोणावर टाकायला हवा होता?

शेवटच्या मुलाखतीत पार्टनरबाईंनी बाकीचा अर्ज बाजूला सारला आणि जवळजवळ सगळा वेळ द्राक्षांवरच घालवला. बाग वाचवायला तू कुठलं कलम घातलं असतंस, विचारलं. मी म्हटलं, तपासणी इकडे, माल चढायच्या आधी, दोघांना मान्य असलेल्या लॅबमध्ये, आणि तिचा निकाल दोघांवर बंधनकारक. त्या म्हणाल्या, खरेदीदार हे कधीच मान्य करणार नाही. मग आम्ही त्यावर भांडलो. छान भांडलो. मला वाटतं, पेढे त्या भांडणाचे होते.

आता तुझं. तू पाचव्या वर्षाला आहेस. पास हो, सनद घे. मग मुंबईत फोर्टमधल्या एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे तिकडची उमेदवारी, धर, बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या सॉलिसिटर परीक्षेला बस, किंवा सरळ जिथे परदेशी व्यवहारांचं काम चालतं तिथे चिकट. कारण इथला एक दरवाजा तुझ्यासारख्यासाठी वेगळा आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. 2021 च्या सप्टेंबरपासून इथे सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झॅमिनेशन) ही नवी परीक्षा आली. इथल्या विद्यार्थ्याला तिच्यासोबत दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. दुसऱ्या देशात आधीच वकील असलेल्याला ती अट नाही. म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची रांगच तुला लागू नाही. पहिल्या भागात 180 प्रश्नांचे दोन पेपर, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी कौशल्यं, आणि अनुभवी वकिलाला दुसऱ्या भागातून सूटही मागता येते. दोन्ही भागांची फी मिळून 5,000 पौंडांच्या आसपास. नामांकित ठिकाणच्या एलएलएमची नुसती फी 30,000 च्या घरात जाते, खोलीभाडं वेगळं.

परीक्षा पास झालास म्हणजे इथे नोकरी मिळालीच असं नाही, व्हिसाची चौकट तेव्हाही असेलच. पण तेव्हा तू तीन-चार वर्षं सौदे केलेला वकील म्हणून दार ठोठावशील, एलएलएमचं प्रमाणपत्र हातात घेऊन नाही. आणि इथलं दार नाहीच उघडलं, तरी मुंबईतली वर्षं कुठे जात नाहीत.

एलएलएम वाईट असं मी म्हणत नाही. शिकायला यायचं असेल, एखाद्या विषयात बुडी मारायची असेल, स्कॉलरशिप असेल, तर डोळे मिटून ये, माझ्या खोलीत गादी टाकू. फक्त कॉन्ट्रॅक्ट मिळेल या हिशेबावर शेत गहाण टाकू नकोस.

एजंटला डिपॉझिट भरलंस असं ताई म्हणत होती. खरं असेल तर पावती आणि ऑफर लेटर दोन्ही आजच स्कॅन करून पाठव. रिफंडचं कलम मी वाचतो, तू त्याला तोवर फोनवर काही कबूल करू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
लीड्सवाला