पानिपताच्या स्मरणाला पंगतच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७६१ च्या पानिपतच्या लढाईत माणसं गमावलेल्या घराण्यांचं नाशिकला दर वर्षी १४ जानेवारीच्या रात्री भोजन असतं. यंदाच्या भोजनाची बातमी आपल्या अंकात फोटोसह आली. फोटोत मागच्या बाजूला हातात डिश घेऊन उभी आहे ती मी. तो फोटो पाहिल्यापासून जिवाला चैन नाही, म्हणून हे पत्र.

१९७६ साली लग्न होऊन मी नाशिकला आले. तेव्हा हे भोजन पंचवटीतल्या एका वाड्याच्या चौकात व्हायचं. बाजरीची भाकरी, मिश्र भाजी, मुगाची खिचडी, तिळाची चटणी आणि ताक. गोडाचं काही नाही. गोदाकाठची पौषातली थंडी, पीठ मळताना बोटं वळायची नाहीत. वाढायला सुरुवात करण्याआधी उत्तरेकडच्या भिंतीशी एक पान मांडलं जायचं. पाट, रांगोळी, पत्रावळ, तांब्या-भांडं, सगळं रीतसर. आधी त्या पानावर वाढायचं, मग पंगतीला. पहिल्या वर्षी मी विचारलं, "हे पान कुणाचं?" सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जे परत आले नाहीत त्यांचं. गेले असं कुणी डोळ्यांनी पाहून सांगितलं नाही, मग श्राद्धाचं तरी कसं म्हणायचं?"

ही गत एकट्या आमच्या घराची नव्हती. पानिपतावरच्या मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, खुद्द त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेल्याचं कधीच मान्य केलं नाही. पुढची बावीस वर्षं, मरेपर्यंत, त्या सवाष्ण म्हणूनच राहिल्या. भाऊंच्या नावाचा तोतया उभा राहिला तो अशाच वाट पाहण्यातून.

आणि हे स्मरण जेवणाचंच का, तेही सांगते. पानिपतावर आपली माणसं उपाशी लढली. नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने छावणी अडकून पडली होती. नुसते शिपाई नव्हते, बायका-पोरं होती, उत्तरेच्या यात्रेला म्हणून बरोबर निघालेली माणसं होती. डिसेंबरात रसद पुरवणारे सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही गेली. जनावरं मेली. अब्दालीच्या बाजूनं आलेला अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला, त्याच्या पदरी असलेल्या काशीराजानं लिहून ठेवलं आहे की, माणसं भाऊंकडे येऊन म्हणाली, दोन दिवस पोटात अन्न नाही, तडफडून मरण्यापेक्षा आम्हाला लढू द्या. मग कोठारात होतं नव्हतं तेवढं धान्य वाटलं, एक वेळ पोटभर जेवा म्हणून. सरदारांनी विडे घेऊन शपथा वाहिल्या. पहाटे तोंडाला हळद फासून माणसं बाहेर पडली. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.

आमची पंगत म्हणजे त्या शेवटच्या जेवणाची आठवण. म्हणून ती साधी, आणि म्हणूनच शेवटी प्रत्येकाच्या हातावर विडा. विडे वाटताना एक वयस्कर गृहस्थ नावं घ्यायचे. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे, तुकोजी शिंदे, यशवंतराव पवार, समशेर बहाद्दर, इब्राहिमखान गारदी. इब्राहिमखानांच्या नावाला त्यांचा आवाज हटकून भरून यायचा. नावं संपेपर्यंत कुणी पानावरून उठत नसे.

यंदा गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर बुफे होता. पनीर, चाट, जिलबी, आइस्क्रीम. पोवाड्यांची गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सत्कार तासभर चालले आणि नावं घ्यायची राहून गेली. हात धुवायला गेले तर नळाजवळ खरकट्याचं पिंप. त्यात वर एक अख्खी पुरणपोळी पडलेली, एकच घास तोडलेला, तूपही अजून थिजलं नव्हतं. त्या पिंपापाशी मला रडू आलं. उपाशी मेलेल्यांच्या नावानं जेवायला बसायचं आणि अन्न टाकायचं, हे मला सोसत नाही.

संयोजक मंडळी आमची मुलंच. कष्ट करतात, पदरचे पैसे घालतात, त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. पण मी पान मांडायचं म्हटल्यावर त्यांतला एक जण म्हणाला, "काकू, बुफेत पान कुठं मांडणार?" बरोबरच होतं त्याचं. म्हणूनच बुफे नको. तिळगूळ वाटायलाही माझी ना नाही, पण पंचांगाचं गणित मांडलं तर १७६१ साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. हा दिवस सणाचा धरू नये एवढंच.

नाशिककरांनी तर हे जपायलाच हवं. भाऊंनी दिल्ली ज्यांच्या हवाली केली ते नारोशंकर आपलेच. त्यांचं देऊळ आणि वसईच्या विजयाची ती घंटा गोदेवर जाता-येता आपण पाहतो. आणि नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई? त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा विश्वासराव पानिपतावर गेला, त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. पुढे त्या पुणं सोडून गंगापूरला येऊन राहिल्या. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, हेही त्यांचेच मुलगे, त्या बातम्याही त्यांनी ऐकल्या आणि १७८८ मध्ये नाशिकलाच डोळे मिटले. ज्या रस्त्यानं गंगापूरला जायचं त्याच रस्त्यावर यंदाचं भोजन झालं आणि त्या आईचं नाव एकाही भाषणात निघालं नाही.

पुढच्या वर्षी पंगत बसवा, एवढं माझं मागणं आहे. जमिनीवर बसणं ज्यांना होत नाही त्यांना, मीही त्यांतलीच, टेबल-खुर्ची द्या. पण वाढणारे हात असू द्यात, म्हणजे हवं तेवढंच पानात पडेल. नावं घ्या, गोपिकाबाईंचं आणि पार्वतीबाईंचंही घ्या. बाजरी आमच्या शेतातली देईन. भाकऱ्यांना पाच-सहा जणी आजच तयार आहेत. उत्तरेच्या भिंतीशी मांडायचा सासूबाईंचा पाट घरीच आहे, तो आदल्या दिवशी पोचता करीन.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक