चिऊ, तुझ्या केस स्टडीज वाचल्या

चिऊ,

परवा "बाबा, तुम्हाला नाही कळणार" म्हणून फोन ठेवलास, म्हणून तू क्लायंटना दाखवायला लिहिलेल्या, तुझ्या डिझाइनच्या कामांच्या तिन्ही केस स्टडीजच्या प्रिंट दादाकडून मागवल्या आणि पेन घेऊन बसलो. नोकरी सोडलीस त्यावर मी काही बोलणार नाही, तो विषय संपला. फक्त मेडिक्लेमचं तेवढं बघ, कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबरच जातं. बास, एवढंच.

काम भारी आहे गं. मसालेवाल्यांची साइट आईला दाखवली तर तिने तिथूनच कांदा-लसूण मसाला मागवला. पण केस स्टडीत पहिलं दीड पान नुसते डिझाइनवाल्यांचे शब्द, पर्सोना, वायरफ्रेम, फिग्मा, आणि खरी गोष्ट तिसऱ्या पानावर एका ओळीत, की लोक माल कार्टमध्ये टाकून निघून जायचे कारण पैसे भरायच्या आधी अकाउंट उघडायला लागायचं, आणि पासवर्ड विसरलेल्या बायका थेट मालकांना फोन करायच्या. अगं हे सगळ्यात वर घे! ज्या धंदेवाल्याचा फोन रोज असाच वाजतोय तो ही ओळ वाचून थांबेल, फिग्मा वाचून नाही थांबणार.

सांगोल्याला कृषी सहायक होतो तेव्हा मी डाळिंबवाल्यांच्या यशोगाथा लिहायचो, तू बालवाडीत होतीस. "कष्टातून फुलवलं नंदनवन" छापाचं लिहिलं की कोणी फिरकायचं नाही. जमीन मुरमाड का काळी, बहार मृग का हस्त, ड्रिपला पाणी कुठून, एकरी खर्च किती, डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा किती झाडं उपटली, हे लिहिलं की लांबलांबून माणसं मोटरसायकलवर पत्ता शोधत यायची, आणि आधी तेल्याचंच विचारायची. हा गडी आपल्यासारखाच आहे का, एवढंच बघायचं असतं त्यांना. तुझा पहिला चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान, चालला नाही, परत करावा लागला, हे तू आईला सांगितलंस पण लिहिलं नाहीस. लिही ते.

आणि "ऑर्डर ४० टक्के वाढल्या", कितीवरून किती? १० च्या १४ झाल्या तरी ४० टक्के, १००० च्या १४०० झाल्या तरी ४० टक्केच. किती महिन्यांत? मध्ये उन्हाळा आला का, तेव्हा मसाला तसाही खपतो. मालक आकडे छापू देत नसतील तर नाव काढ, "कोल्हापूरकडचा एक मसाला उद्योग" म्हण, पण जे लिहिशील त्याची परवानगी मेलवर घे, तोंडी नको. त्यातच त्यांच्याकडून दोन ओळी मागून घे, आत्ता ते खूश आहेत, सहा महिन्यांनी त्यांना आठवणार पण नाही. तिसरी केस स्टडी जुन्या कंपनीतली आहे, ऑफर लेटरसोबत गोपनीयतेचा कागद सही केला होतास तो आधी काढून वाच, तोवर ती टाकू नकोस.

सगळीकडे "आम्ही" का लिहिलंयस? मसाल्याचं काम तू एकटीने केलंयस, रात्री जागून, मी बघितलंय. "मी" लिही. मला ते वाचताना फार बरं वाटेल.

झालं माझं लेक्चर सुरू, सॉरी. तुला क्लायंट मिळतीलच, त्याची मला काळजी नाही. काळजी मधल्या महिन्यांची आहे, नवीन पॉलिसी घेतली तरी पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि थायरॉइड फॉर्मवर लिहायचाच, लपवायचा नाही, त्याचा क्लेम मिळायला वेटिंग, म्हणजे थांबायचा काळ, लागला तर लागू दे. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते एचआरला विचार, त्याला मुदत असते. नाही बोलणार म्हटलं होतं, माहितीये. पण काकांच्या वेळी डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीशी मी आणि दादा उभे होतो, ते मला अजून रात्री आठवतं, तेव्हा तुझी दहावी होती म्हणून तुला काही सांगितलं नाही आम्ही.

दुसरी केस स्टडी, दातांच्या दवाखान्याची, त्यावर पेनाने बरंच लिहिलंय, दादा फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर, दुपारी मी घरीच असतो. आणि पहिल्या वर्षाचा प्रीमियम मी भरणार आहे, त्यावरून भांडू नकोस.

बाबा